बल्गेरियनचा वर्ग तिसऱ्या महिन्यात का गळतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी दिल्ली विद्यापीठात बल्गेरियन शिकले, लग्नानंतर बल्गेरियात प्लोव्दिवला आले. गेल्या सप्टेंबरपासून संध्याकाळी परदेशी प्रौढांचा वर्ग घेते. सुरुवातीला अकराजण होते. दोन मराठी, दोन ब्रिटिश, एक तुर्की, एक इटालियन, रशियन चांगलं येणाऱ्या एक बाई, बाकी इकडचे तिकडचे. पुस्तकाच्या क्रमाने लिपी, अंक, नामांची लिंगं, उपपदं, विशेषणं असं शिकवलं. पहिले दोन महिने सगळे खूश होते. डिसेंबरनंतर पाचजण उरले, आणि त्यांनाही भाजीवाल्याशी चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. माझं काय चुकतंय?"

मी सोफियात सोळा वर्षं हेच काम करते आहे. माझा पहिला वर्गही असाच गळला होता, तोही डिसेंबरातच. तेव्हा मी थंडीला आणि बर्फाला दोष दिला. पुढच्या वर्षी वर्ग मार्चमध्ये सुरू केला, तर तो मे महिन्यात गळला. मग लक्षात आलं की दोष हवेचा नाही, तिसऱ्या महिन्याचा आहे.

तुम्हाला भाषा येते, शिकवण्याची तळमळही प्रश्नातून दिसते. चूक क्रमात आहे. बल्गेरियनमध्ये नामाला विभक्ती जवळजवळ उरलेल्या नाहीत. हाक मारायचं संबोधन आणि सर्वनामांची रूपं सोडली तर नाम जसंच्या तसं राहतं. रशियन किंवा पोलिश शिकणाऱ्याला पहिल्याच महिन्यात विभक्तीचे तक्ते पाठ करावे लागतात. इथे ते नाही, त्यामुळे सुरुवातीला माणूस उताराला लागल्यासारखा धावतो. पण त्या भाषांत नामावर असलेला भार इथे क्रियापदावर येऊन बसला आहे. प्रत्येक क्रियेची दोन अंगं (एक चालू कृतीचं, एक पूर्ण झालेल्या कृतीचं), भूतकाळाची तीन-चार रूपं, ऐकीव गोष्टीसाठी वेगळं रूप, 'करणे', 'जाणे' अशा साध्या धातुरूपाचा पूर्ण अभाव, आणि क्रियापदाला चिकटून फिरणारी 'मि', 'मे', 'गो', 'से' ही इवलीशी सर्वनामं. पुस्तकं हे सगळं मागच्या धड्यांत ढकलतात. दोन महिने उतार आणि मग एकदम कडा. त्या कड्याशी आलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला वाटतं की आपली बुद्धीच आता पुरत नाही. तो तसं तोंडाने म्हणत नाही. ऑफिसात काम वाढलंय म्हणतो आणि येणं बंद करतो.

म्हणून क्रियापद पहिल्या संध्याकाळी आणा. नामं मागून येतील, ती कुठे जात नाहीत.

सुरुवात तिसऱ्या गणातल्या क्रियापदांनी करा. 'चाकाम' म्हणजे मी वाट बघतो. चाकाम, चाकाश, चाका, चाकामे, चाकाते, चाकात. आघात, म्हणजे शब्दात जोर पडतो ती जागा, हलत नाही, व्यंजन बदलत नाही. 'इमाम' म्हणजे माझ्याकडे आहे, 'इस्काम' म्हणजे मला हवंय, 'राझबिराम' म्हणजे मला समजतं. सगळी याच घरातली. पहिल्या गणातली 'पिशा', 'चेता' वगैरे क्रियापदं महत्त्वाची असली तरी त्यांची गडबड दोन आठवड्यांनी. (या माझ्या लिहिण्यात 'झ' म्हणजे ब्राझीलमधला झ समजा.)

मी पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहीत नाही. एकाला दाराबाहेर उभं करते, दुसरीला घड्याळाकडे बघायला सांगते आणि ही सात वाक्यं नुसती बोलून घेते:

'चाकाम गो.' मी त्याची वाट बघतेय.
'आझ गो चाकाम.' तेच, 'मी' धरून.
'ने गो चाकाम.' मी त्याची वाट बघत नाहीये.
'श्टे गो चाकाम.' वाट बघेन.
'न्यामा दा गो चाकाम.' वाट बघणार नाही.
'चाकाश लि गो?' बघतेस का?
'ने गो लि चाकाश?' बघत नाहीस का?

या सात वाक्यांत बल्गेरियन वाक्याचा सांगाडा आहे. 'गो' वाक्याच्या तोंडाशी येऊ शकत नाही, म्हणून पहिल्या वाक्यात तो मागे गेला आणि 'आझ' आल्याबरोबर पुढे सरकला. भविष्यकाळाचा 'श्टे' कुणासाठीही बदलत नाही, पण नकारात तो जाऊन 'न्यामा दा' येतो. 'ने' नंतर आघात त्या चिमुकल्या 'गो' वर पडतो, आणि हे कानाला एकदा कळलं की पुढे आयुष्यभर बरोबर येतं. नियम म्हणून सांगायला गेलात तर अर्धा तास जाईल आणि कुणाच्या हाती काही लागणार नाही. वाक्य म्हणून वीसदा म्हटलं की जिभेला वळण पडतं. लहान मुलांना हे आपण सहज करू देतो. मोठ्यांना मात्र तक्ता देऊन मोकळे होतो, जणू वय वाढलं की कान बंद पडतात.

'आझ सम गो चाकाल' (मी त्याची वाट बघितली आहे) पण 'तोय गो ए चाकाल' (त्याने त्याची वाट बघितली आहे), म्हणजे 'सम' सर्वनामाच्या आधी आणि 'ए' नंतर, ही अदलाबदल सहाव्या महिन्यापर्यंत बोलूसुद्धा नका. कुणी विचारलं तर उत्तर द्या आणि पुढे चला.

आता या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तुमच्या वर्गात अकरा माणसं होती आणि त्यातला कुणीच रिकाम्या हाताने आला नव्हता. प्रत्येकाच्या मातृभाषेत बल्गेरियनचा एखादा अवघड तुकडा तयार पडलेला असतो. शिक्षकाने तो उचलून दाखवायचा असतो, कारण शिकणाऱ्याला तो स्वतःहून दिसत नाही.

आपल्या दोन मराठी विद्यार्थ्यांपासून सुरू करू. 'हारेस्वा मि' म्हणजे मला आवडतं. 'स्तुदेनो मि ए' म्हणजे मला थंडी वाजतेय. 'स्पि मि से' म्हणजे मला झोप येतेय, आणि 'यादे मि से' म्हणजे मला खावंसं वाटतंय. ब्रिटिश विद्यार्थ्याला या वाक्यांत कर्ता सापडत नाही, तो 'मी' शोधत बसतो. मराठी माणसाला शोधावं लागत नाही. आवडणं, झोप येणं, खावंसं वाटणं या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात, हे आपलं व्याकरणच सांगतं. 'मला बानित्सा खावीशी वाटते' आणि 'यादे मि से बानित्सा' ही वाक्यं (बानित्सा म्हणजे चीज भरलेली इथली पेस्ट्री) शेजारी लिहून दाखवली तेव्हा माझ्या वर्गातल्या नाशिकच्या एका मुलाने वही मिटली आणि म्हणाला, "ताई, हे तर मला येतच होतं." तो इंग्रजीतून बल्गेरियन शिकत होता म्हणून अडला होता. मराठीतून शिकायला लागल्यावर धडाधड बोलू लागला.

पण इथेच मराठीचा एक खड्डाही आहे, आणि तो मी कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही. आपलं 'मला' दोन कामं करतं. 'तो मला विचारतो' आणि 'तो मला सांगतो' यांत शब्द एकच. बल्गेरियनमध्ये विचारताना 'पिता मे' आणि सांगताना 'काझ्वा मि'. मराठी विद्यार्थी सगळीकडे 'मि' लावत सुटतात. 'माझं डोकं दुखतंय' हे 'बोली मे ग्लावाता' असं आहे, 'बोली मि' नाही. यासाठी मी दोन रंगांचे कागद ठेवते. 'मे' घेणारी क्रियापदं पिवळ्यावर, 'मि' घेणारी निळ्यावर. नवीन क्रियापद आलं की त्याचा रंग विचारायचा, अर्थ नंतर.

इटालियन विद्यार्थ्याला ही चिकटी सर्वनामं घरची आहेत. त्याच्या भाषेतही ती क्रियापदाच्या पुढे येऊन बसतात आणि 'आवडणं' तिथेही 'मला' घेतं. रशियन येणाऱ्या बाईंना क्रियापदाची दोन अंगं सांगावी लागणार नाहीत. वर्गात एखादा ग्रीक आला तर 'इस्काम दा कुप्या' ही रचना त्याची स्वतःचीच. 'मला विकत घ्यायचंय' यासाठी बल्गेरियन 'मी इच्छितो की मी घेऊ' असं काहीतरी म्हणतो, ग्रीकही तसंच म्हणतो. रोमेनियन माणसाला शब्दाच्या शेवटी चिकटणारं उपपद नवीन नसतं. बाल्कनमधल्या या भाषा शतकानुशतकं एकमेकींच्या अंगणात वाढल्या आहेत. एकमेकींच्या सवयी त्यांना लागल्या, म्हणूनच हे जमतं.

तेव्हा ज्याच्याकडे जो तुकडा आहे, तो त्यालाच वर्गाला समजावू द्या. मोडक्या बल्गेरियनमध्ये, हातवारे करत, कसंही. पन्नाशीच्या माणसाला शिकवताना सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे त्याचा मान. घरी, ऑफिसात तो कुणीतरी असतो. वर्गात येऊन 'हे टेबल आहे, ही खुर्ची आहे' म्हणताना तो लहान होतो. दहा मिनिटं तो शिक्षक झाला की त्याचा कणा परत ताठ होतो. नंतर माझे वर्ग टिकले ते मुख्यतः यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या तुर्की विद्यार्थ्याकडे सर्वांत मोठा ठेवा आहे. 'तोय दोइदे' म्हणजे तो आला, मी पाहिलं किंवा मला पक्कं ठाऊक आहे. 'तोय दोशल' म्हणजे तो आला म्हणे. बल्गेरियनमध्ये ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाचं रूपच बदलतं. तुर्कीत 'गेल्दी' आणि 'गेल्मिश' यांत हाच फरक आहे. आणि आपल्याकडे? 'म्हणे' आहे! मराठी विद्यार्थ्याला 'म्हणे' या एका शब्दावर हा सगळा धडा कळतो. फरक इतकाच की आपण 'म्हणे' गाळलं तरी कुणी अडवत नाही, इथे गाळलं तर ऐकणारा विचारतो, "तू होतास तिथे?" लोककथेची सुरुवातही 'इमालो एद्नो व्रेमे' अशी ऐकीव रूपातच होते, कारण आटपाट नगरात कथा सांगणारा स्वतः गेलेला नसतो.

पुस्तकं हा भाग फार उशिरा घेतात. मी पाचव्या-सहाव्या आठवड्यातच घेते, बोलण्यासाठी नाही, ओळखण्यासाठी. शेजारीण जिन्यात भेटून जे सांगते त्यातलं निम्मं याच रूपात असतं. रूप ओळखता आलं नाही तर माणसाला शब्द कळतात आणि गोष्ट कळत नाही.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना तर हे जिवाशी गाठ असलेलं शिक्षण आहे. सोफिया, प्लोव्दिव, वार्ना, प्लेवेन इथल्या वैद्यकीय विद्यापीठांत इंग्रजी माध्यमातून शिकणारी परदेशी मुलं असतात, भारतीयही. पुस्तकं इंग्रजीत असली तरी वॉर्डातली आजी इंग्रजी बोलत नाही, म्हणून त्यांना बल्गेरियन शिकावंच लागतं. आजी 'पादनाह' म्हणाली तर ती पडली आणि तिला ते आठवतंय. तीच आजी 'पादनाला सम' म्हणाली तर बहुतेक वेळा अर्थ असा की शुद्धीवर आले तेव्हा जमिनीवर होते, म्हणजे पडले असणार. डॉक्टरच्या दृष्टीने ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक पाय घसरल्याचं, दुसरं कदाचित भोवळ आल्याचं. ही दोन वाक्यं मी प्रत्येक वैद्यकीय गटाला शिकवते आणि त्या दिवशी वर्ग अगदी शांत होतो. त्यांना 'कदे वि बोली?', म्हणजे कुठे दुखतंय, आणि 'ओत कोगा?', म्हणजे कधीपासून, हे दोन प्रश्न पहिल्या आठवड्यात द्या. फळांची नावं नंतर दिलीत तरी चालतील.

क्रियापदाच्या दोन अंगांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ब्रिटिश मंडळी इथेच अडतात. बल्गेरियन क्रियापद जोडीने येतं. 'पिशा' आणि 'नापिशा', 'याम' आणि 'इझ्याम', 'कुपुवाम' आणि 'कुप्या'. पहिलं चालू असलेल्या किंवा वारंवार होणाऱ्या कृतीसाठी, दुसरं पूर्ण झालेल्या कृतीसाठी. मराठी माणसाला लिहिणं आणि लिहून काढणं, खाणं आणि खाऊन टाकणं यांवरून दिशा कळते. जुळणी तंतोतंत नाही, पण सुरुवात होते. वाचायला लागणं आपण म्हणतो, 'वाचून टाकायला लागलो' कानाला खटकतं. बल्गेरियनमध्येही 'सुरू करणे' या क्रियापदापुढे फक्त पहिलं अंग चालतं, 'झापोच्वाम दा चेता', 'प्रोचेता' नाही. माझं आवडतं वाक्य आहे 'उचिह, नो ने गो नाउचिह', अभ्यास केला पण पाठ झालं नाही. एकाच धातूची दोन अंगं एका वाक्यात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची गोष्ट वाटते. क्रियापद कधीही एकटं लिहून देऊ नका. शब्दांच्या वहीत जोडीच लिहायची, हा माझ्या वर्गातला एकमेव सक्तीचा नियम.

उच्चारांकडे येते. बल्गेरियनच्या सिरिलिक लिपीत तीस अक्षरं आहेत. लिपीला दोन संध्याकाळ पुरतात, तीन आठवडे घालवू नका. रोमन बीसारखं दिसणारं अक्षर 'व', एचसारखं 'न', पीसारखं 'र' आणि सीसारखं 'स'. हे फसवे चारच एका दुकानाच्या पाटीवरून शिकवा, बाकीची येतात. २००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात आला आणि सिरिलिक ही संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली. त्यामुळे २०१३ पासून निघालेल्या युरोच्या नव्या नोटांवर 'एवरो' हा शब्द सिरिलिकमध्येही छापलेला आहे. पहिल्या तासाला खिशातली नोट काढायला सांगा आणि तो शब्द शोधून वाचायला लावा. स्वतःच्या नोटेवर वाचलेला पहिला शब्द कुणी विसरत नाही.

आपल्या लोकांना इथे एक मोठी देणगी आहे. बल्गेरियनमधला जो स्वर इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनोन् महिने छळतो, तो आपला 'अ' आहे. या लोकांच्या देशाचं नाव त्यांच्या तोंडी 'बल्गारिया' आहे आणि त्यातला 'ब' अगदी आपल्या 'बस'मधला. 'कश्टा' म्हणजे घर, 'दश्ट' म्हणजे पाऊस, 'सम' म्हणजे मी आहे. देवनागरीत लिहिलं की उच्चार जवळजवळ तयार मिळतो. 'त्स' हा आवाजही आपल्याला 'चोर' आणि 'चाक'मधल्या चमुळे येतो. प, त, क हे आपण हकार न मिसळता म्हणतो, तेच इथे हवं असतं. ब्रिटिश विद्यार्थ्याच्या तोंडी 'प'चा 'फ' होतो, आपल्या तोंडी होत नाही. आपल्याला नाही तो एक आवाज, 'श' ला घोष दिल्यावर होतो तो. तिथे आपण हकारी झ म्हणतो. 'श' लांबवत गळ्यावर हात ठेवायचा आणि गळा थरथरेपर्यंत आवाज चढवायचा, आठवड्यात जमतं.

आघात मात्र सगळ्यांनाच अवघड. तो कुठेही पडू शकतो आणि छापील मजकुरात दाखवत नाहीत. 'वल्ना' या शब्दात आघात आधी आला तर लोकर, शेवटी आला तर लाट. तुम्ही फळ्यावर लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर आघाताची रेघ ओढा, अपवाद न करता. पुस्तकात नसेल तर शब्दकोशात बघून ओढा.

रशियन येणाऱ्या विद्यार्थ्यांना एक वेगळा तास द्या. त्यांना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. 'स्तोल' रशियनमध्ये टेबल, इथे खुर्ची. 'गोरा' तिकडे डोंगर, इकडे जंगल. 'माय्का' तिकडे बनियन, इकडे आई. आणि 'नाप्रावो' तिकडे उजवीकडे, इकडे सरळ. माझा एक विद्यार्थी पत्ता विचारत प्रत्येक चौकात उजवीकडे वळत राहिला आणि चौथ्या वळणावर पहिल्याच माणसापुढे येऊन उभा राहिला. आपल्या मराठी मुलांनाही असे दोन शब्द आधीच सांगून ठेवा. इथे 'बाबा' म्हणजे आजी आणि 'काका' म्हणजे मोठी बहीण. शेजारच्या घरी जेवायला गेल्यावर हे माहीत असलेलं बरं. नात्यांचे काही शब्द तर आपलेच सख्खे आहेत. 'देवेर' म्हणजे दीर. 'स्नाहा' म्हणजे सून, आणि संस्कृतमधल्या 'स्नुषा'शी तिचं मूळ एक आहे. तव्याला भाऊ म्हणून इथे 'तावा' आहे, फक्त तो ओव्हनमध्ये जातो. दुकानासाठी 'द्युक्यान' हा जुना शब्द अजून ऐकू येतो. तो तुर्कीतून इथे आला, आपल्याकडे फारसीतून. असे शब्द सापडले की मोठी माणसं मुलांसारखी खुलतात. त्यासाठी दर आठवड्याला पाच मिनिटं राखून ठेवा.

काय सुधारायचं आणि काय सोडायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्ग टिकण्याशी त्याचा थेट संबंध आहे. पुल्लिंगी नाम कर्ता असेल तर 'स्तोलत', नसेल तर 'स्तोला', हा 'पलेन च्लेन'चा, म्हणजे पूर्ण उपपदाचा नियम लिहिण्यापुरता आहे. बोलताना बल्गेरियन माणसं स्वतः तो पाळत नाहीत आणि शाळेत त्यावरून त्यांनाही बोलणी बसतात. परीक्षेची तयारी नसेल तर पहिल्या वर्षी त्यावर एक शब्द बोलू नका. लिंगाची चूक झाली तर बरोबर रूप स्वतःच्या उत्तरात वापरा आणि पुढे जा. पण 'गो', 'मि', 'से' यांची जागा चुकली तर थांबवा, त्याच वेळी, हसतमुखाने, आणि वाक्य परत म्हणून घ्या. ती चूक मुरली की निघत नाही. 'श्टे' ला नकार देताना 'ने श्टे' म्हणणाऱ्यालाही तिथेच थांबवा. पुस्तकांत हे रूप क्वचित सापडतं, पण रोजच्या बोलण्यात 'न्यामा दा' च हवं.

उपपद चिकटतं कुठे, एवढं मात्र लवकर सांगा. 'क्निगाता' म्हणजे ते पुस्तक, पण 'नवीन' जोडलं की 'नोवाता क्निगा'. शेपूट पहिल्या शब्दाला गेलं. मराठीत प्रत्यय नामालाच लागतो, 'नव्या पुस्तकात', त्यामुळे आपली मंडळी इथे हमखास चुकतात.

तुमचं पुस्तक जुनं असेल तर एक गोष्ट बदलून घ्या. २०२६ च्या १ जानेवारीपासून लेव हे जुनं चलन जाऊन युरो आला. प्रश्न किमतींचे आकडे बदलण्यापुरता नाही. दोन, तीन, पाच अशा आकड्यापुढे निर्जीव पुल्लिंगी नामाचं वेगळं मोजणीचं रूप येतं. 'एदिन लेव, द्वा लेवा, पेत लेवा' हे दुकानात दिवसातून वीसदा ऐकून ते आपोआप पाठ व्हायचं. युरो नपुंसकलिंगी आहे आणि बदलत नाही, 'एद्नो एवरो, द्वे एवरो'. म्हणजे रस्त्याने फुकट दिलेला एक धडा गेला. त्याची जागा आता किलोने भरून काढा, 'द्वा किलोग्रामा दोमाती', दोन किलो टोमॅटो. बाजारातला संवाद करताना मुद्दाम वजन विचारायला लावा.

वर्गाबाहेरचे दोन अडथळे. पहिला मानेचा. इथे मान आडवी हलवणं म्हणजे हो आणि वर झटकणं म्हणजे नाही, पण परदेशी माणूस समोर आहे म्हटल्यावर तरुण लोक उलट करतात, आणि मग कशाचाच भरवसा राहत नाही. विद्यार्थ्यांना सांगा, मानेकडे बघू नका, 'दा' की 'ने' ते ऐका. आपली हो म्हणतानाची डुलती मान बल्गेरियन 'हो' च्या जवळ जाते, त्यामुळे मराठी मंडळी इथे सुखात असतात. दुसरा अडथळा जास्त खरा आहे. सोफियात किंवा प्लोव्दिवच्या मध्यवस्तीत परदेशी उच्चार ऐकला की समोरचा प्रेमाने इंग्रजी सुरू करतो. मी विद्यार्थ्यांना बाजारात पाठवते ते साठीपुढच्या विक्रेत्यांकडे. त्यांना घाई नसते, इंग्रजी येत नाही, आणि टोमॅटोबद्दल त्यांना मनापासून बोलायचं असतं.

आता तुमच्याकडे पाचजण आहेत. गेलेल्या सहाजणांनाही एक निरोप पाठवा, त्यातले दोघं तरी येतील. त्यांना शेजारी आणि घरमालक सिरिलिक न वापरता रोमन अक्षरांत निरोप पाठवत असतील, 'च' साठी ४ आणि 'श' साठी ६ असे आकडे घालून, कारण चार म्हणजे 'चेतिरी' आणि सहा म्हणजे 'शेस्त'. तसा एखादा निरोप वर्गात आणून वाचायला लावलात तर तोच त्यांना परत आणायला पुरेसा आहे. रोजच्या जगण्यातली जी गोष्ट अडली होती, ती उलगडली हे त्यांना पहिल्या दिवशी दिसलं पाहिजे.

ते परत येतील त्या दिवशी पुस्तक बॅगेतून काढूच नका. गोल करून बसा आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, 'काक्वो ति से यादे?', तुला काय खावंसं वाटतंय. उत्तर 'यादे मि से' ने सुरू करायचं. शब्द अडला तर स्वतःच्या भाषेतला घालायचा. मराठी मुलांपैकी कुणी वरणभात म्हणेल, तुर्की विद्यार्थी काहीतरी वेगळं म्हणेल, मग तो पदार्थ कसा करतात ते सांगताना क्रियापदं लागतील, आणि जी लागतील तीच फळ्यावर जोडीने लिहा. तास संपेपर्यंत फळा भरलेला असेल. त्याचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या तासाचा धडा तोच.